पन्नासचा आकडा

वीजजाळ्याच्या नियंत्रण कक्षातील पडद्यावर दिसणारा ५०.०१ हर्ट्झ हा वारंवारितेचा (विजेच्या प्रवाहाच्या दर सेकंदातील आवर्तनांचा) आकडा म्हणजे आपल्या देशातील विजेच्या जमाखर्चाचा या क्षणाचा ताळेबंद आहे. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अवघड आणि खर्चिक असल्यामुळे जितकी वापरली जाते तितकीच त्याच क्षणी निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली की जनित्रांवर ताण येऊन त्यांची गती मंदावते आणि वारंवारिता ५० हर्ट्झच्या खाली घसरते, मागणी घटली की ती वर चढते. ४९.९० ते ५०.०५ या चिंचोळ्या पट्ट्यात ती राहावी म्हणून वीजजाळ्याचे नियंत्रण करणारी भार प्रेषण केंद्रे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि कोणत्या वीजनिर्मिती केंद्राने केव्हा किती वीज द्यायची, याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच आखतात.

या व्यवस्थेची कसोटी ५ एप्रिल २०२० रोजी लागली. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटांसाठी घरातले दिवे मालवण्याचे आवाहन झाले होते. मागणी बारा ते चौदा हजार मेगावॉटने उतरेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली आणि लगेच पुन्हा चढू लागली. औष्णिक संच इतक्या झटपट वरखाली करता येत नाहीत. म्हणून त्यांची निर्मिती आधीच कमी करून जलविद्युत संच चालू ठेवले होते, आणि त्या मिनिटांत पाण्याचा प्रवाह घटवून, पुन्हा वाढवून तोल सावरण्यात आला. वारंवारिता ४९.७० ते ५०.२६ दरम्यान हेलकावली, पण जाळे कोसळले नाही.

तो प्रसंग एका रात्रीपुरता होता. सौरऊर्जा वाढल्यापासून असा चढ रोज संध्याकाळी येतो: सूर्य मावळतो आणि नेमके त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. सह्याद्रीच्या कड्यावरील घाटघर प्रकल्प अशा वेळेसाठीच आहे. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातील पाणी वर चढवायचे आणि गरज पडताच तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॉटपर्यंत वीज मिळवायची, असा त्याचा क्रम आहे. वर चढवताना खर्च होणारी वीज परत मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते, तरीही ऐनवेळी हाती येणाऱ्या विजेचे मोल पाहता हा सौदा परवडतो.

पुरवठा मागणीच्या मागे धावतो, ही झाली एक बाजू. मागणीलाच पुरवठ्याच्या वेळेकडे वळवणे ही दुसरी, आणि महाराष्ट्राला ती नवी नाही. शेतीपंपांचे फीडर (वीजवाहिन्या) गावठाणापासून वेगळे केल्यावर त्यांचा पुरवठा पाळीपाळीने, आठवड्यातले काही दिवस रात्री होऊ लागला. जाळ्यावरचा भार त्यामुळे हलका झाला खरा. पण त्याची किंमत मोजली ती अंधारात, विंचूकाट्याचे भय बाळगून पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने, आणि जुन्नरसारख्या भागात तर उसात बिबट्याही असतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज दिली जाते. जी मागणी पूर्वी रात्री ढकलली जात होती ती आता उन्हाच्या वेळेत आणली जाते, म्हणून ही योजना निव्वळ सौरऊर्जेची न मानता भार व्यवस्थापनाची मानणे मला अधिक योग्य वाटते.

घरगुती ग्राहकाबाबत हेच काम स्मार्ट मीटरकडून अपेक्षित आहे. मात्र केवळ रीडिंग दूरवर पाठवणारा मीटर बसवला म्हणजे जाळे स्मार्ट झाले, असे नव्हे. केव्हा किती वीज लागली याची नोंद तो ठेवत असल्यामुळे वेळेनुसार वेगळा दर लावता येतो. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी दिवसाउजेडीच्या सौर तासांत किमान वीस टक्के सवलतीची आणि सर्वाधिक मागणीच्या तासांत वाढीव दराची तरतूद केली आहे. संध्याकाळचा स्वयंपाक किंवा उकाड्यातला पंखा कोणी दुपारवर ढकलू शकत नाही, आणि दर ठरवताना याचे भान ठेवावेच लागेल. वॉशिंग मशीन, विजेवरील स्कूटरचे चार्जिंग आणि गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवरची टाकी भरणारा पंप यांची वेळ मात्र सहज बदलता येते. टाकी दुपारी दोनला भरली तरी संध्याकाळी नळाला पाणी तेवढेच येते.