कारणांच्या साखळीतली जबाबदारी

श्रोतेहो, नमस्कार. १९८३ साली बेंजामिन लिबेट या अमेरिकी संशोधकाने आपल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि इच्छास्वातंत्र्याचा, म्हणजे माणूस आपले निर्णय खरोखर स्वतः घेतो का याचा, जुना वाद प्रयोगशाळेत जाऊन पोचला. डोक्याला विद्युतवाहक तारा लावलेली व्यक्ती खुर्चीत बसे, समोरच्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका सुमारे अडीच सेकंदांत एक फेरी पूर्ण करी, आणि त्या व्यक्तीने वाटेल तेव्हा मनगट हलवायचे व तशी इच्छा झाली तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचे. इच्छेची जाणीव हालचालीच्या सुमारे दोनशे मिलिसेकंद आधी होई; मेंदूतील विद्युत घडामोड मात्र त्याच्याही तीनशेहून अधिक मिलिसेकंद आधी सुरू झालेली असे.

निर्णय मेंदू घेतो, मग माणसाला दोष कसा द्यायचा, असे तेव्हापासून अनेकजण विचारत आले आहेत. मला हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा केलेला वाटतो, कारण मनगट आत्ता हलवावे की क्षणभराने, हे ठरवताना तोलून पाहण्यासारखे काहीच नसते; जबाबदारीचा प्रश्न येतो तो तोलून घेतलेल्या निर्णयांबाबत.

आपल्या भाषेत ‘कारण’ हा एकच शब्द दोन अर्थांनी येतो. काच फुटली याचे कारण दगड, आणि मी खोटे बोललो नाही याचे कारण समोरच्याने टाकलेला विश्वास. दुसरे कारणही मेंदूतूनच काम करते, निसर्गनियम मोडून नव्हे. पण ते समजून घ्यावे लागते, आणि काचेला दगड समजत नाही. जबाबदारी या समजण्यावर आणि त्याप्रमाणे स्वतःला आवरण्यावर उभी आहे.

ही क्षमता ढासळू शकते. २००३ साली नोंदल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूत, डोळ्यांच्या वरच्या भागात, गाठ वाढली होती. त्याच्या मनात मुलांविषयी विकृत लैंगिक ओढ निर्माण झाली, आणि ती चूक आहे हे कळत असूनही त्याला ती आवरता येईना. गाठ काढल्यावर ती ओढ गेली, गाठ पुन्हा वाढली तेव्हा परतली. अशा माणसाला निरोगी माणसाचे माप लावणे अन्यायाचे आहे, आणि तो अन्याय ओळखायला आपल्याला विज्ञानानेच शिकवले.

केवळ सूड म्हणून दिलेली शिक्षा मला समर्थनीय वाटत नाही. पण ज्याला समजते आणि आवरता येते, त्याला जाब विचारणे सोडून द्यावे हे मला मुळीच पटत नाही. त्याच्या पुढच्या वागण्यामागच्या कारणांत आपण विचारलेला तो जाबही असतो.