३१ डिसेंबरच्या रात्री वाजणारं ते गाणं

२८ फेब्रुवारी १९४८, मुंबई. गेटवे ऑफ इंडियाजवळ एवढी गर्दी कशाला, तर ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी चाललीय. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, कमानीतून मार्च करत बोटीकडे निघालीय आणि बँडवर वाजतंय 'ऑल्ड लँग साइन'. हो, तेच गाणं, जे ३१ डिसेंबरला बारा वाजले की क्लबात, हॉटेलात सगळे हातात हात अडकवून म्हणतात, पहिली ओळ जोरात आणि पुढे नुसतंच हूं हूं.

न्यू इयरचं गाणं म्हणून जगभर फेमस, पण अख्ख्या गाण्यात नवीन वर्षाचा साधा उल्लेख पण नाहीये. दोन जुने दोस्त भेटलेत, लहानपणी डोंगरात फुलं तोडत हिंडलो, ओढ्यात डुंबलो, मग मध्ये समुद्र आले, चल आता त्या दिवसांसाठी एकेक पेला होऊन जाऊ दे. बास, एवढंच.

नाव घेतलं जातं स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सचं. शेती करायचा, कविता करायचा, नंतर सरकारी एक्साइज खात्यात लागला (पेल्याचं गाणं आणि दारूवरच्या कराची नोकरी, एकाच माणसाकडे!). १७८८ च्या डिसेंबरात त्याने हे गाणं ओळखीच्या मिसेस डनलॉप यांना पत्रातून पाठवलं आणि पुढे जॉर्ज थॉमसन नावाच्या संग्राहकाला कळवलं की हे मी एका म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून उतरवून घेतलंय. पूर्ण खरं नसावं ते. कारण १७११ साली छापलेल्या एका जुन्या गाण्यात सुरुवात जवळपास हीच आहे पण तो ओढा, ती फुलं, ते दोन मित्र तिथे कुठेच नाहीत, म्हणजे गाण्याचा जीव बर्न्सचाच म्हणायचा. १७९६ मध्ये ते छापून आलं तेव्हा तो वारलेला होता, आणि चालही दुसरीच होती. आपण ऐकतो ती चाल थॉमसनने १७९९ मध्ये जोडून छापली.

मग न्यू इयर कुठून आलं? तर स्कॉटलंडच्या चर्चला ख्रिसमसची धामधूम मंजूरच नव्हती, तिथे ख्रिसमसची सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ मध्ये! त्यामुळे सगळा दंगा वर्षाच्या शेवटच्या रात्री, हॉगमनेला, आणि तिथे हे गाणं हवंच. (हात अडकवायचे ते खरं तर शेवटच्या कडव्याला, पण आपल्याकडे पहिल्यापासूनच ओढाओढी सुरू.) अमेरिकेत पक्कं केलं गाय लोम्बार्डो या बँडवाल्याने, १९२९ पासून न्यूयॉर्कच्या रुझवेल्ट हॉटेलातून, रेडिओवर.

पण शब्दांपेक्षा चाल जास्त फिरली. आणि ती आपल्या कानाला परकी का वाटत नाही माहितीये? पेटीवर काळी तीनचा सा धरा आणि वाजवून बघा, सगळं गाणं फक्त काळ्या पट्ट्यांवर बसतं. सा रे ग प ध, सरळ भूप राग! मध्यम नाही, निषाद नाही. रवींद्रनाथांनी याच चालीवरून 'पुरानो शेइ दिनेर कथा' केलं. कोरियाचं राष्ट्रगीत १९४८ पर्यंत याच चालीत म्हटलं जायचं. मालदीवचं तर १९७२ पर्यंत, आणि तिथली गोष्ट अशी सांगतात की कवीने काकांच्या घड्याळात बाराच्या ठोक्याला ही धून ऐकली आणि तीच उचलली.

आशियात मात्र ही चाल नव्या वर्षापेक्षा निरोपाचीच झाली. आपल्या खडकवासल्यालाच बघा ना, एनडीएच्या पासिंग आउट परेडला कॅडेट्स 'अंतिम पग' टाकतात ते संथ चालीत, याच धूनवर. जपानमध्ये ती १८८१ च्या शाळेच्या पुस्तकात गेली, शाळा सोडताना मुलं म्हणायला लागली, आणि आता तिथल्या दुकानांत संध्याकाळी ही धून, बऱ्याचदा तीनच्या ठेक्यात, स्पीकरवर लागली की गिऱ्हाइकांना बरोबर कळतं, शटर खाली यायची वेळ झाली, पटापट बिल करा आणि निघा.