आत्या, मिक्सर आणि अडीचशे रुपये

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीला माझी आत्या असते. सत्तरी ओलांडलेली, तिसऱ्या मजल्यावर एकटी. लॉकडाऊनमध्ये मीच तिच्या फोनवर खरेदीचं एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. तेव्हापासून साबण असो की सतरंजी, सगळं तिथूनच. नाव घेत नाही ती. ‘आपली कंपनी’ म्हणते.

गेल्या दिवाळीआधी तिचा मिक्सर बंद पडला. दुरुस्तीला कुणी तयार होईना. जो तो म्हणे, नवाच घ्या. (आमच्या लहानपणी गल्लीत स्टोव्ह रिपेअरवाला यायचा, कल्हईवाला यायचा. आता वस्तू बिघडली की माणसं तिचा थेट तेरावाच घालतात. असो.) आत्या लगेच ‘आपल्या कंपनीत’ ऑर्डर करायला निघाली. म्हटलं, “थांब गं, जरा ताडून बघू.” तोच मिक्सर तिच्याकडे ३,४९९ला, दुसरीकडे ३,१२०ला.

आत्या म्हणाली, “पावणेचारशे रुपयांसाठी माणसं बदलायची का?”

आता हे ताडून बघणं काही नवं नाही. अमेरिकेत १९९६ साली काही भारतीय तरुणांनी ‘जंगली’ नावाची कंपनी काढली. निरनिराळ्या दुकानांतल्या किमती एकत्र दाखवायच्या, हा तिचा उद्योग. १९९८मध्ये ती अ‍ॅमेझॉननं विकत घेतली आणि २०१२मध्ये त्याच नावाची साइट भारतात आणली. म्हणजे दुकानदारानंच भाव सांगणारा पदरी ठेवला! आजही अशा बऱ्याच साइट कमिशनवर चालतात. त्यांच्या लिंकवरून तुम्ही खरेदी केलीत की त्यांना पैसे मिळतात. म्हणून यादीत पहिलं नाव दिसलं की ते सगळ्यांत स्वस्त, असं धरून चालू नका.

आणि श्रोतेहो, पहिल्या पानावरचा आकडा बघू नका, शेवटच्या पानावरचा बघा. आत्याचे ते ३,१२० डिलिव्हरीचे ८० आणि कसल्याशा हाताळणीचे ४९ धरून ३,२४९ झाले. किंमत अशी हप्त्याहप्त्यानं उघड करण्याला ‘ड्रिप प्रायसिंग’ म्हणतात. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३मध्ये फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली, तिच्यात हेही आहे. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुन्हा सांगतो, एक-नऊ-एक-पाच. मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवा, आणि शेवटच्या पानावरचा आकडा बघा.

तर, अडीचशेचा फरक उरला. आत्या कुरकुरत तयार झाली. “तुझ्या जबाबदारीवर हं. आणि आमचा पोरगा आला तर त्याला काय तोंड दाखवू?”

तेव्हा मला उलगडा झाला. ‘आपली कंपनी’ म्हणजे तो पार्सल आणणारा पोरगा! तीन जिने चढून यायचा, खोकं स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा, एकदा तर गॅसचा रेग्युलेटरही बसवून दिला होता त्यानं. (कित्येक सोसायट्यांत या मुलांना लिफ्टनं जाऊ देत नाहीत. पाटीच असते तशी. ज्यांनी ती लावली त्यांनी वीस किलोंचं पोतं घेऊन एकदा पाचवा मजला चढून दाखवावा.)

चौथ्या दिवशी बेल वाजली. आत्यानं दार उघडलं, तर मिक्सरचं खोकं घेऊन तोच पोरगा! फक्त टी-शर्टचा रंग वेगळा.

“अरे, तू इकडे कसा?”

“कंपनी बदलली आजी. हे लोक पार्सलमागं दोन रुपये जास्त देतात.”

आत्यानं त्याला पाणी दिलं, बेसनाचा लाडू दिला, ओटीपी सांगितला. मग मला फोन. वाटलं, मिक्सर कसा आहे ते सांगेल.

म्हणाली, “ते जुनं अ‍ॅप काढून टाक रे फोनमधनं. आपलं पोरगं आता तिथं नाही.”