“एवढे?” ऐकल्यानंतरची चाळीस मिनिटं

वाटाघाटींत आपला अहंकार आड येतो, या विषयात मी स्वतः सपशेल आपटलेलो आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. एका संस्थेशी सल्लागाराच्या कामाची बोलणी चालू होती. मानधनाचा आकडा कागदावर लिहून मी समोर सरकवला. समोरच्या बाईंनी तो पाहिला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “एवढे?” झालं! पुढची चाळीस मिनिटं मी माझा अनुभव, माझी आधीची कामं, माझ्यासारखे लोक किती घेतात, हे सगळं ऐकवत होतो. यातलं काहीही त्यांनी विचारलं नव्हतं. काम गेलं. पुढे काही महिन्यांनी भलत्याच कुणाकडून कळलं, की त्यांना स्वतःच्या सहीवर वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच खर्च मंजूर करता येत होता. तेच काम दोन आर्थिक वर्षांत विभागलं असतं, तर माझाच आकडा बहुधा मंजूर झाला असता. त्यांनी प्रश्न विचारला होता. मला तो टोमणा वाटला.

अहंकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटणारा माणूस येतो. माझा तसा नव्हता. तो अतिशय सभ्यपणे स्पष्टीकरण देत होता. आणि तेवढा वेळ माझ्या कानांवर पडलेलं काहीही डोक्यात शिरत नव्हतं.

१९८२ साली वेर्नर ग्युथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत एक प्रयोग केला. एकाला थोडे पैसे द्यायचे. त्यातला किती वाटा दुसऱ्याला द्यायचा, हे त्याने ठरवायचं. दुसरा हो म्हणाला तर ज्याला त्याला आपापला वाटा, नाही म्हणाला तर दोघांच्याही हाती भोपळा. कोरडा हिशेब केला तर दुसऱ्याने एक नाणंसुद्धा घ्यायला हवं. पण पुढे अशा अनेक प्रयोगांत दिसलं, की वाटा पाचव्या हिश्शाच्या खाली गेला की पुष्कळ जण पदरचं सोडून नकार देतात. याला मी नुसता अहंकार म्हणणार नाही, अन्यायाची चीड खरी असते. पण त्या खेळात “हा आकडा कसा काढलात?” असं विचारायची सोय नसते. आपल्याला ती असते, तरी आपण त्या खेळात बसल्यासारखेच वागतो.

आता जरा मोठं उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९७८, कॅम्प डेव्हिड, म्हणजे अमेरिकेच्या अध्यक्षांचं विश्रामस्थान. तिथे इस्रायल आणि इजिप्तची बोलणी चालली होती. इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात पहिल्या काही दिवसांतच इतके भडकले, की अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना समोरासमोर बसवणं जवळपास थांबवलं आणि मसुदे घेऊन स्वतः इकडून तिकडे जाऊ लागले. वाद सिनाईचा होता. इस्रायलने १९६७च्या युद्धात घेतलेला तो प्रदेश इजिप्तला पूर्णच्या पूर्ण परत हवा होता. नकाशावर कुठेही रेघ मारली तरी एकाचं नाक कापलं जाणार. पण जमीन कशासाठी हवी, हे पाहिलं तर दोघांना वेगवेगळं काही हवं होतं. सादातना सार्वभौमत्व हवं होतं, बेगिनना आपल्या सीमेलगत इजिप्तचे रणगाडे नको होते. सिनाई इजिप्तकडे गेला आणि त्याच्या मोठ्या भागात सैन्यावर कडक मर्यादा आल्या.

शेवटच्या दिवशी जेरुसलेमविषयीच्या एका पत्रावरून बेगिन निघायच्या तयारीत होते. त्यांनी नातवंडांसाठी कार्टर यांच्या सहीची छायाचित्रं मागितली होती. कार्टर यांनी प्रत्येकावर एकेका नातवंडाचं नाव लिहून ती स्वतः नेऊन दिली. नावं वाचता वाचता बेगिन यांचा गळा दाटून आला. ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात, ते मला पटत नाही. पत्रातले शब्दही बदलावे लागले होते. नुसत्या हळवेपणावर करार होत नसतात.

विचारण्याचीही एक तऱ्हा असते. “तुम्हाला हे का नको?” म्हटलं की माणूस कारणांची तटबंदी उभारतो. “यात नेमकं काय अडतंय?” म्हटलं की बहुतेकदा तो अडचण सांगतो. आपल्या ‘का’मध्ये जाब विचारल्याचा सूर फार लवकर येतो.

“मग समोरचा गैरफायदा नाही का घेणार?” असं मघाशी कुणीतरी विचारलं. घेईलही. पण ऐकून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे. मी आकडा एका पैशाने न हलवता तासभर प्रश्न विचारू शकतो. उलट अपमान झाला म्हणून तडकाफडकी आकडा कमी करणारे आणि वर “घ्या, तुमच्याच मनासारखं!” म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मध्यंतरी एका बैठकीत पुन्हा तोच शब्द आला, “एवढे?” कान तापले, खोटं कशाला सांगू. हातात पेन होतं, त्याचं टोपण दोनदा काढलं, दोनदा लावलं. मग विचारलं, “कशाच्या मानाने?” ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “मागच्या वेळी ज्यांना काम दिलं त्यांच्या मानाने. ते निम्म्यावर सोडून गेले.” मग बराच वेळ आम्ही त्या निम्म्यावर राहिलेल्या कामाबद्दलच बोलत होतो.