मुद्दल सांगा, व्याज आम्ही सांगतो

(फोर्ट. रस्त्यापलीकडे रिझर्व्ह बँकेची इमारत.)

नमस्कार मंडळी! मागे दिसतेय ती रिझर्व्ह बँक. म्हसवडच्या बायकांना बँक काढायला तिने एकदा नकार दिला होता. कारण? सभासदांमध्ये अंगठेबहाद्दर फार.

त्यांच्यासाठी झटत होत्या चेतना गाला सिन्हा. मूळच्या मुंबईच्या, इथेच अर्थशास्त्र शिकलेल्या. जयप्रकाश नारायणांच्या चळवळीत उतरल्या, विजय सिन्हांशी लग्न केलं आणि साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला संसार थाटला.

तिथे एक दिवस कांताबाई आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या, बिऱ्हाडही तिथेच. पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालायचा, म्हणून त्यांना रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँकेने खातं उघडलं नाही. एवढ्या लहान रकमा नकोत म्हणे. चेतनाताईंनी स्वतः जाऊन विचारलं, उत्तर तेच.

जरा थांबूया इथे. कांताबाई कर्ज मागत नव्हत्या हो! स्वतःच्या घामाचे पैसे ठेवायला जागा मागत होत्या. मला हे अजून लागतं.

म्हणून आपलीच बँक काढायचं ठरलं, आणि तो नकार आला. बायका रडत बसल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकू लागल्या. पाच महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या साहेबांसमोर! आमच्या लहानपणी शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं त्यांनी विचारलं. वर म्हणाल्या, कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा.

माझी आजी लालबागला गिरणी कामगारांना जेवण घालायची. शाळा पाहिली नव्हती. कुणाचे किती डबे झाले त्याच्या कोळशाच्या रेघा दारामागे ओढायची. पगाराच्या दिवशी एकाही पैशाची चूक नसे. ही गोष्ट ऐकली तेव्हा मला ते दार आठवलं.

१९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. दिवसाची मजुरी बुडवून बाई बँकेत कशी येणार? म्हणून बँकेची माणसं तिच्या दारी, बाजारात जाऊ लागली.

पुढे २०१२ चा दुष्काळ. एक बाई सोनं गहाण ठेवायला आली, चाऱ्यासाठी. म्हणाली, गावात पाणी नाही, सोनं काय जनावरांना घालू? चेतनाताईंना पेच पडला: कर्ज दिलं तरी चारा आणायचा कुठून? मग म्हसवडला जनावरांसाठी चारा-पाण्याची छावणी उघडली. पाऊस काही येईना. छावणी दीड वर्ष चालली.