सहा तासांचा धातू : टेक्नेशियम

नाशिकमधील एका रुग्णालयाच्या न्यूक्लियर मेडिसिन (किरणोत्सारी औषधांनी तपासणी व उपचार करणाऱ्या) विभागात सकाळचे पहिले काम असते ते शिशाच्या जाड आवरणातील एका लहानशा स्तंभातून सलाईन ओढून घेण्याचे. बाहेर येणारा द्राव पाण्यासारखा रंगहीन दिसतो, पण त्यात टेक्नेशियम असते. ‘जनरेटर’ म्हटल्या जाणाऱ्या या स्तंभातील किरणोत्सारी मॉलिब्डेनम-99 चा ऱ्हास होऊन टेक्नेशियम-99एम हा टेक्नेशियमचा प्रकार रात्रभर साठत राहतो आणि पहाटे गाईची धार काढावी तसा तो काढून घेतला जातो.

आवर्तसारणीत 43 व्या क्रमांकावर असलेला हा संक्रमण धातू. मँगनीजखालची ही जागा मेंडेलीव्हने मोकळी ठेवली होती, ती भरायला 1937 साल उजाडले. अमेरिकेतील बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) कणांचा मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात हे मूलद्रव्य कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांना सिसिलीतील पालेर्मो येथे सापडले. त्याचे एकही समस्थानिक (वेगळ्या वस्तुमानाचा अणुप्रकार) स्थिर नाही. सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचे अर्धायुष्यही (निम्मे अणू ऱ्हास पावायला लागणारा काळ) सुमारे 42 लाख वर्षांचे, त्यामुळे पृथ्वीच्या जन्मावेळी असलेले टेक्नेशियम केव्हाच संपून गेले. ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. मात्र 1952 मध्ये पॉल मेरिल यांना काही तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशात त्याच्या खुणा दिसल्या आणि ताऱ्यांच्या पोटात आजही नवी मूलद्रव्ये घडत असल्याचा तो ठोस पुरावा ठरला.

रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते सहा तास. टेक्नेशियम-99एमचे अर्धायुष्य तेवढेच आहे. तपासणीला ते पुरते आणि शरीरात किरणोत्सार फार काळ रेंगाळत नाही. त्याचे 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण शरीराबाहेर सहज येतात व गॅमा कॅमेऱ्याला नेमके टिपता येतात. संक्रमण धातू असल्याने ते वेगवेगळ्या रेणूंशी बंध जोडते, आणि या गुणाचे मोल आम्हांला सर्वाधिक वाटते : एका संयुगातून ते हाडांत पोहोचते, दुसऱ्यातून मूत्रपिंडांत, तिसऱ्यातून हृदयाच्या स्नायूंत. निफाडहून बोन स्कॅनसाठी आलेल्या रुग्णाला इंजेक्शननंतर दोन-तीन तास थांबायला सांगतात, ते औषध हाडांत नीट बसावे म्हणून.

सकाळी काढलेल्या द्रावातील किरणोत्सार दुपारी निम्मा उरतो आणि दुसऱ्या सकाळी सोळावा हिस्सा. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य 66 तासांचे असल्याने आठवड्याभरात स्तंभाची ताकदही सहाव्या हिश्श्यावर येते, आणि मुंबईकडून कसारा घाट चढून येणाऱ्या नव्या जनरेटरची वाट पाहिली जाते.