घणाचा घाव आणि अणूंचे शेजार

श्रोतेहो,

रासायनिक बंधांचा विषय शाळेत शिकवला जातो तेव्हा सोडियमने एक इलेक्ट्रॉन दिला, क्लोरीनने तो घेतला, कार्बनने आपले चार इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतले, एवढ्या हिशेबावर तो बहुधा संपतो. हा हिशेब बरोबरच आहे. परंतु मिठाचा खडा का फुटतो आणि तांब्याचा पत्रा का वाकतो, याचा उलगडा त्यातून विद्यार्थ्याला आपोआप होत नाही. म्हणून आज मी एकच प्रश्न घेऊन बोलणार आहे. घन पदार्थावर घाव बसला आणि त्यातल्या अणूंचे शेजारी बदलू लागले, की त्यांना धरून ठेवणाऱ्या बंधाचे काय होते?

सुरुवात मिठापासून करू. 1913 साली लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली, तेव्हा सोडियम क्लोराइडचा सुटा रेणू त्यात कुठेच आढळला नाही. प्रत्येक सोडियम आयनाभोवती, म्हणजे प्रभारित अणूभोवती, सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइड आयनाभोवती सहा सोडियम आयन, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी तिन्ही दिशांना पसरलेली होती. विरुद्ध प्रभारांचे हे आकर्षण चांगलेच बळकट असते. मीठ वितळायला 801 अंश सेल्सिअस तापमान लागते ते त्यामुळेच. मग एवढा बळकट पदार्थ एका घावात का फुटावा? घनाकृती स्फटिकाच्या बाजूला समांतर असलेला आयनांचा एक थर शेजारच्या थरावरून जेमतेम 0.28 नॅनोमीटर सरकला, तरी सोडियमसमोर सोडियम आणि क्लोराइडसमोर क्लोराइड येऊन उभा राहतो, आणि क्षणापूर्वी एकमेकांना ओढणारे थर एकमेकांना दूर लोटू लागतात. खडेमीठ फोडल्यावर त्याच्या तुकड्यांना सपाट, काटकोनी बाजू दिसतात, त्या याच मांडणीच्या खुणा आहेत.

आता पुण्यातल्या तांबट आळीत चला. तिथे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे शेकडो ठोके पडतात आणि पत्रा फुटण्याऐवजी हंड्याचा, बंबाचा आकार घेतो. तांब्याचा अणू आपला सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन कोणा एका शेजाऱ्याला न देता, ढोबळमानाने बोलायचे तर, साऱ्या तुकड्याच्या स्वाधीन करतो. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन सुमारे 8.5 × 10²² असतात, आणि त्यांच्या सामाईक पकडीत प्रत्येक अणू बारा शेजाऱ्यांना चिकटून बसलेला असतो. थर सरकला तरी नव्या जागी शेजारी तसेच बारा आणि इलेक्ट्रॉन तेच. तक्रार करायला तिथे कोणाला जागाच नाही. याच मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे तांब्यातून वीज वाहते. 1900 साली पॉल ड्रूड यांनी धातूंच्या वीजवहनाचे स्पष्टीकरण याच कल्पनेवर उभारले.

मात्र इथे थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. संपूर्ण थर एकदम सरकत असता, तर आपण प्रत्यक्षात लावतो त्याच्या कितीतरी पट बल लागले असते. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघा शास्त्रज्ञांनी 1934 साली स्वतंत्रपणे दाखवून दिले की थर ओळीओळीने सरकतो. मोठी सतरंजी ओढून सरकवण्यापेक्षा तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेणे सोपे जाते, तसेच हे आहे. स्फटिकातल्या या सुरकुत्या ठोक्यांनी वाढत जातात, एकमेकींत अडकतात आणि तांबे कडक होत जाते. भांड्यावर सलग ठोके देऊन त्याला घट्टपणा आणि ठिपक्यांची झळाळी आणणाऱ्या मठारकामाचे बळ यातच आहे. घडवताना पत्रा कडक झाला की तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात; त्या उष्णतेने अणू पुन्हा नीट रचले जातात आणि तांबे परत मऊ होते. स्फटिकांतले दोष कोणी मोजण्याच्या कितीतरी आधीपासून कारागिरांच्या हाताला हे ज्ञान होते, याचा मला मनापासून आदर वाटतो.

हिऱ्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यातला प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी, 109.5 अंशांच्या ठरलेल्या कोनांत, इलेक्ट्रॉनांच्या जोडीने बांधलेला असतो. इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या या सहसंयुज बंधाला दिशा असते आणि ती मोडल्याशिवाय अणूला जागा सोडता येत नाही. म्हणून हिऱ्यावर सहजासहजी ओरखडा उठत नाही. पण खरा हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसतो, ही आपल्या भाषेत खोल रुजलेली समजूत कृपा करून कोणी घरी पडताळून पाहू नये. काठिण्य वेगळे आणि चिवटपणा वेगळा. हिऱ्यात चार दिशांची प्रतले अशी आहेत की ज्यांना छेदणारे बंध तुलनेने विरळ असतात, आणि त्या प्रतलावर नेमका घाव बसला की हिरा स्वच्छ दुभंगतो. थर सरकण्याची सोय नसल्यामुळे घावाची ऊर्जा बंध तोडण्यातच खर्च होते.

तोच कार्बन ग्रॅफाइटमध्ये फक्त तीन शेजाऱ्यांशी बांधला जातो. शिसपेन्सिलीत शिसे नसते, असते ते हे ग्रॅफाइट, चिकणमातीत मिसळून भाजलेले. त्याच्या थरातल्या अणूंमधले अंतर 0.142 नॅनोमीटर, म्हणजे हिऱ्यातल्या 0.154 पेक्षाही कमी, आणि थरांमधले अंतर मात्र 0.335 नॅनोमीटर असते. उरलेला चौथा इलेक्ट्रॉन थरभर फिरतो, पण एका थरातून दुसऱ्यात त्याला सहज जाता येत नाही. के. एस. कृष्णन आणि एन. गांगुली यांनी ग्रॅफाइटच्या स्फटिकाची वीजवाहकता दिशेनुसार किती प्रचंड बदलते, हे 1939 साली प्रसिद्ध केले.

थरांमधला बंध दुबळा, म्हणून थर घसरतात आणि ग्रॅफाइट वंगणाचे काम करते, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचीवर उडू लागली, तेव्हा त्यांच्या विद्युत यंत्रांतले कार्बनचे ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे ग्रॅफाइटयुक्त ठोकळे, झपाट्याने झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. वरच्या कोरड्या, विरळ हवेत पाण्याची वाफ नसल्यासारखीच असते, आणि ती नसेल तर ग्रॅफाइट वंगण उरत नाही. थरांच्या कडांवर ज्या कार्बन अणूंचे बंध मोकळे राहिलेले असतात, ते एरवी वाफेच्या रेणूंनी शांत होतात. कोरड्या हवेत मात्र घासताना ते समोरच्या पृष्ठाला पकडू पाहतात.